चाळिसाव्या मण्याला नांगर

फोर्मेंतेरा, २० जुलै
रविवार, चर्चमधल्या मिसाहून आल्यावर

प्रिय युलारियाताईस धाकट्या रीताचा नमस्कार.

तुझं पार्सल अकरा तारखेला बोटीने मिळालं. आलं ते असं: चष्मा एक, काच शाबूत, मोठ्या मेणबत्त्या सहा, पुदिना घातलेला चीजचा गोड फ्लाओ एक, कडा चेपलेल्या, चवीला उत्तम. बोटीचं भाडं नऊ युरो चाळीस. चष्म्याची पावती तू मुद्दाम काढून घेतलीस हे माझ्या लक्षात आलंय. किंमत कळव, वहीत तेवढी एक ओळ रिकामी राहिली आहे.

इकडे सगळं छान. अंजिरं या वर्षी लवकर धरली. खारवलेले मासे गच्चीवर वाळताहेत, मांजर आणि मी आळीपाळीने त्यांची राखण करतो.

कार्मेलमातेची मिरवणूक यंदाही आमच्याच नावेतून निघाली. तिच्याबद्दल सविस्तर लिहायचंय, पण आधी एक कबुली. चष्मा मी माझ्यासाठी म्हणून मागवला होता, तो माझ्यासाठी नव्हता.

मे महिन्यात मी शुमेवबरोबर खाडीत गेले होते. तुला माहीत आहे, परक्या नावेने समुद्रगवतावर नांगर टाकला की माझा नवरा किती आरडाओरडा करतो. माशांचा पाळणा आहे तो, पाळण्यात लोखंड टाकता का, म्हणतो. त्या दिवशी त्याने स्वतः टाकलेला नांगर वर आला तो गवताचा गड्डा घेऊन, मुळांसकट. शुमेवने तो चाचपला आणि म्हणाला, "कुणाची तरी जुनी दोरी अडकली वाटतं." मग गवताचा वास आला असावा त्याला. गड्डा त्याने हळूच पाण्यात सोडला.

तुझा चष्मा त्याने लावून बघितला. धुकं मोठं दिसतं, एवढाच फरक, म्हणाला.

आता मिरवणुकीचं. मातेची नाव खाडीच्या मध्यावर नांगरून प्रार्थना होते. खाली सगळं गवत, मध्ये आपल्या अंगणाएवढी वाळू. समुद्रगवताच्या रक्षकांनी यंदा बजावलं होतं, एक जरी गड्डा उपटला तर पुढच्या वर्षापासून खाडीत मिरवणूक नाही. शुमेवला नावेवरून उतर म्हणणं माझ्याने झालं नाही. एकतीस वर्षं तो मातेला नेतोय.

वाळू सापडण्याच्या खुणा त्याला पाठ आहेत, पण दिसत नाहीत. मला दिसतात, पण माहीत नव्हत्या. मग महिनाभर गच्चीवर शिकवणी. घंटाघर पवनचक्कीच्या बरोबर मागे लपलं पाहिजे, आणि त्याच वेळी छोट्या बेटाचं टोक भूशिराला टेकलं पाहिजे. तिथे वाळू.

मी मातेच्या मूर्तीच्या पायाशी बसून जपमाळ सांगण्याचा नवस बोलले. नवस खराच बोलले हं, ताई. फादर विसेंतनी लगेच हो म्हटलं. शुमेव मागे सुकाणूवर. आमचं ठरलं होतं: मी मण्यावरची नमो मरिया मोठ्याने म्हटली की नाव डावीकडे, हळू म्हटली की उजवीकडे, आणि माळ संपल्यावरचं 'नमो हे राणी' सुरू केलं की नांगर.

निघालो. मागे बसलेली पेपा म्हणाली, हिचा गळा आज वाऱ्यावर आहे का, कधी चढतो कधी उतरतो. मी लक्ष दिलं नाही. चाळिसाव्या मण्याला घंटाघर लपलं आणि बेट टेकलं. पन्नासातले अजून दहा मणी बाकी होते. मी डोळे मिटून मातेची क्षमा मागितली आणि 'नमो हे राणी' सुरू केलं.

"रीता, दहा राहिले," पेपा म्हणाली.

"मातेला माहीत आहे," मी म्हटलं. साखळी खडखडत गेली.

प्रार्थना चालू असताना वारा फिरला आणि नाव वळली. वळताना साखळी गवतावरून घासते. मग रक्षक पोरगी, नेउस, काचेच्या तळाची बादली घेऊन आली. किती वेळ वाकून बघत होती, मी तेवढ्यात राहिलेले दहा मणी पुरे केले. शेवटी ती म्हणाली, "नांगर वाळूत. साखळी अधांतरी, एक पातं मोडलं नाही. साखळीला हे बुचाचे तरंगे कुणी बांधले?"

शुमेवने, आदल्या दिवशी, नुसत्या हाताने चाचपून. मला त्याने सांगितलंही नव्हतं.

धक्क्यावर उतरताना फादर माझ्या कानाशी म्हणाले, पुढच्या वर्षी जपमाळ जरा लवकर सुरू करू, म्हणजे वाळूपर्यंत पन्नास भरतील. म्हणजे त्यांना सगळं कळलं होतं. मग हे वेगळं कबूल करायला हवं का, ते तूच सांग.

घरी आल्यावर शुमेव बूट काढता काढता म्हणाला, "वाळू तुझ्या आवाजावर सापडेल गं. पण यंदा मला मातेचा चेहरा दिसला नाही."

मोतीबिंदू आहे, दोन्ही डोळ्यांत. तुमच्या इबिझाच्या दवाखान्यात नऊ सप्टेंबरची तारीख मिळाली आहे. आठ दिवस तुझ्याकडे राहावं लागेल. त्याने तुझ्या भाताला लगदा म्हटलं आणि तू त्याला दार दाखवलंस, त्याला सहा वर्षं झाली. त्या दारातल्या पायऱ्या पुन्हा चढणार नाही अशी शपथ त्याने घेतली होती. काल म्हणाला, आता पायऱ्या दिसतच नाहीत, तेव्हा शपथ मोडते का, ते तुझ्या बहिणीला विचार.

म्हणून विचारते. फोन करू नकोस, तुम्ही दोघं पुन्हा भातावर याल. उलट टपाली एक ओळ टाक. आणि उत्तर 'हो' असेल तर अक्षर खूप मोठं काढ. ते त्याला स्वतः वाचायचंय.

वाट पाहणारी,
तुझी रीता