नकाशावरची सहावी टीप

४ एप्रिल, केंद्रावरून

चि. धाकट्यास,

ताईचे अनेक आशीर्वाद. ते दात खाऊन दिले आहेत, हे आधी सांगते. वि. वि. त्यानंतर.

आईच्या मोतीबिंदूसाठी पंधरा दिवस घरी काढले आणि परवा डोंगरावर परत आले, तर झरा आटलेला. नऊ वर्षं मी रोज सकाळी याच झऱ्याखाली बादली धरून घड्याळ बघते. भर उन्हाळ्यातही ती अकरा सेकंदांत भरायची. काल चाळीस मिनिटं बसले, बादलीचा तळसुद्धा झाकला नाही. दगडांवरचं शेवाळ वाळून सुटायला लागलंय. त्यात राहणारे नखाएवढे बेडूक मेलेत, ते चिमट्याने उचलून बाटलीत भरत होते मी.

गवंडी म्हणाला, तू बांधतोयस त्या नव्या केंद्राच्या पायासाठी खडक फोडावा लागला, तीन सुरुंग लावले. तेही झऱ्याच्या तोंडापासून आठ पावलांवर. पाणी खडकाच्या भेगांतून येतं हे शेंबड्या पोरालाही कळतं. भेगा हलल्या आणि पाण्याने दुसरी वाट धरली. पाण्याचा अभ्यास करायला केंद्र बांधायचं आणि आधी पाणीच मारायचं, म्हणजे रोगापेक्षा इलाज भयंकर.

वरच्या वाडीतली मेंढपाळीण दोन हंडे घेऊन आली होती. कोरडा झरा बघून माझ्याकडे एकदा पाहिलं आणि खाली नदीकडे गेली. जाऊन-येऊन तीन तास. घरी जेवताना मी तुला विचारलं होतं की काम कसं चाललंय. तू म्हणालास, झकास. हे तुझं झकास?

इथे फोनला रेंज नाही, म्हणून पत्र खेचरवाल्याच्या हाती देतेय. उत्तर त्याच्याच हाती धाड. आईच्या डोळ्यात थेंब वेळेवर घालत जा. माया आहे, पण आज ती शोधावी लागतेय.

तुझी ताई


९ एप्रिल, कचेरीतून

ती. ताईस,

शि. सा. न. वि. वि. चोराच्या उलट्या बोंबा, असं लिहिणार होतो, पण तू पडलीस मोठी.

केंद्र दोनशे पावलं खाली बांधू, हे मी कानीकपाळी ओरडत होतो. बर्फात उपकरणं घेऊन एवढं चालायचं नाही, हे तुझं. पाया खडकावरच हवा, यंत्रांना हादरा नको, हेही तुझंच. मग खडक सपाट कसा व्हायचा होता, फुंकर मारून? नकाशावर सहावी टीप आहे: पायासाठी खडक सुरुंगाने काढणे. त्याखाली सही तुझी आहे. आईच्या डोळ्यात औषध घालता घालता ती ठोकलीस आणि म्हणालीस, धाकट्याने केलंय, त्यात वाचायचं काय.

आता ऐक. हाच नकाशा आणखी सहा झऱ्यांसाठी मंजूर झालाय. आठ वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदा साहेबांनी मला नावाने हाक मारली. पंचवीसला ते तुझ्याकडे उद्घाटनाला येतायत. नदीचं पाणी खेचरांवरून आणून टाकी भरा आणि तिची नळी झऱ्याच्या तोंडात सोडा, असं त्यांनी सांगितलंय. एक दिवस पाणी दिसू दे, पुढचं सावकाश बघू. तू फक्त गप्प बस. भावासाठी एवढं कर.

आई बरी आहे. तिला यातलं काही सांगितलेलं नाही. रागाव, पण मायेत काटछाट करू नकोस.

तुझा धाकटा


१३ एप्रिल, केंद्रावरून

चि. धाकट्यास,

आशीर्वाद आहेतच. कौतुक मात्र मागू नकोस.

सही माझी आहे. टीप मी वाचली नाही. नकाशा परक्याचा असता तर भिंग लावून बसले असते आणि त्याला रडवलं असतं. तुझा होता म्हणून डोळे मिटले. मेंढपाळिणीला मी हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, सहीचं तिला काही कळत नाही, पाणी कधी येईल ते सांग.

पण तू काय करत होतास? मी न वाचता सही करतेय हे तू समोर बसून बघत होतास. बोट ठेवून एकदा म्हणायचं होतंस की ताई, इथे सुरुंग आहे. मी जागा बदलायला लावीन आणि नकाशा पुन्हा काढावा लागेल, ही भीती होती तुला. खोटं असेल तर तसं कळव.

नळी मी लावू देणार नाही. आणि आणखी सहा झरे, धाकट्या? सहा वाड्यांच्या बायकांना नदीवर पाठवणार आहेस, साहेबांनी हाक मारली म्हणून? लाज वाटते मला तुझी, आणि माझीही.

सोबत एक पान आहे. सुरुंगाने झरा आटला, मी सही न वाचता केली, हा नकाशा कुठेही वापरू नये, एवढंच त्यात आहे. माझी सही केलीय, शेजारी इंजिनिअरची जागा रिकामी आहे. दोन सह्यांशिवाय काम थांबत नाही, हा नियम तुला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. मिळेल त्या क्षणी साहेबांकडे जा.

ताई


२२ एप्रिल, दुसऱ्या साइटवरून

ती. ताईस,

शि. सा. न. खोटं नाही. मी बघत होतो. नकाशा चौथ्यांदा काढायचा कंटाळा आला होता. हे लिहिताना माझा मलाच संताप येतोय, आणि वदवून घेतलंस म्हणून तुझाही.

पानावर माझी सही केली आणि ते साहेबांच्या टेबलावर ठेवलं. ते लालबुंद झाले. मला बांधकामातून काढून जुन्या कागदांच्या खोलीत बसवणार म्हणाले. मी म्हटलं, बसवा, पण आधी सगळीकडे काम थांबवल्याचा निरोप जाऊ दे. निरोप गेला. उद्घाटन रद्द झालं. पाच झऱ्यांवर अजून कुदळ पडलेली नाही.

सहाव्यावर फोन लागेना, म्हणून मी स्वतः जीप काढली आणि विसाला दुपारी इथे पोचलो. सुरुंग अठराला उडाले होते. झऱ्यापाशी दोन बायका रिकामी भांडी घेऊन बसल्या होत्या. मोठे इंजिनिअर येतायत, ते बघतील, असं मुकादमाने त्यांना सांगून ठेवलं होतं. त्यांनी सरकून मला बसायला जागा करून दिली. दोन दिवस झाले, मी इथेच आहे. करण्यासारखं काही नाही, तरी निघवत नाही.

ताई, तुझं पत्र मला सोळाला मिळालं होतं. एकोणिसापर्यंत ते माझ्या खिशात होतं. इथे कुणाला हे सांगितलेलं नाही.

लोभ ठेवायचा की नाही ते तू ठरव.

तुझा
धाकटा