कंबर चौतीसच आहे

९ मार्च, रविवार. सकाळ.

संताप. आजपासून रोजनिशी लिहिणार. घरात बोलून उपयोग नाही.

आमची कन्या प्रतिभा. नाशिकला फॅशन डिझाइनचा डिप्लोमा केला, आता जव्हारात आमच्याच पुढच्या खोलीत शिवणकाम करते. तिने स्वतःसाठी कॉर्सेट, म्हणजे कंबर आवळायचं जाकीट, शिवलं. आत स्टीलच्या काड्या, मागे नाडी, पुढे हुक. ते कुडत्यावरून घालून बाजारात गेली आणि भाजी घेऊन आली. शिक्षकाची मुलगी!

मी इतिहास शिकवतो. शांतपणे तथ्यं सांगितली. (बायको उज्ज्वला म्हणते, ओरडून सांगितली.) गोऱ्या राण्या सोळा इंच कंबर करण्यासाठी बरगड्या काढून घेत. बायका जिना चढताना धडाधड बेशुद्ध पडत. प्रतिभा म्हणाली, बाबा, त्या काळी पोट फाडलं की माणूस मरायचा, मग ती बारीक कंबर दाखवायला राणी उरायची का? आणि म्हणे संग्रहालयात बारीक कॉर्सेटं दिसतात कारण ती दुसऱ्या कुणाला आलीच नाहीत, म्हणून टिकली. बाकीची वापरून फाटली. नाडी कोणी पूर्ण आवळतही नसे, मागे फट ठेवत. कामकरी बायकासुद्धा पाठीला आधार म्हणून घालायच्या.

मी म्हटलं, हे अभ्यासक्रमात नाही. उज्ज्वला हसली. नोंद घेतली आहे.

ठराव : प्रतिभाशी बोलणं बंद.

दुपार.

बोलावं लागलं. चष्मा सापडत नव्हता.

१६ मार्च, रविवार.

गावी जाऊन आलो. सूर्यमाळच्या अंगाला आमचा पाडा. चैत्रात बोहाडा आहे, त्याची बैठक होती. रामनवमी झाली की देवादिकांचे मुखवटे चढवून रात्रभर नाचायचं. प्रत्येक सोंग एकेका घराचं. आमच्या घराचं शारदा. पुढे गणपती, त्याच्या मागे शारदा. आजोबा नाचले, मग माझे वडील, अण्णा, नाचले. अण्णांचे गुडघे गेले तेव्हा माझे पेपर तपासायचे होते, म्हणून माझा चुलतभाऊ सुदर्शन नाचला. दोन वर्षं. आता तो शारदा स्वतःची समजायला लागला आहे. जव्हार-मोखाडा जीप चालवणारा माणूस!

अण्णा दिवाळीत गेले. जाताना माझा हात धरून म्हणाले होते, सोंग सोडू नको. सुदर्शनचा नाही, माझा हात. यंदा शारदा मीच घेणार.

सुदर्शन सगळ्यांसमोर म्हणाला, दादा, तुला पट्टा बसंल का?

पट्टा म्हणजे शारदेचा पितळी कमरपट्टा. मुखवट्याच्या दोऱ्या मागून त्याला बांधतात. पट्टा घट्ट नसेल तर मुखवटा पुढे झुकतो, आणि शारदेने मान टाकली तर पाड्याला वर्ष वाईट जातं. म्हणून आधी एक दिवस सगळ्यांसमोर पट्टा बसवून बघतात.

मी उठलो आणि नियम सांगितला. घरातला जो कोणी असेल, ज्याच्या कंबरेला पट्टा बसेल, त्याचं सोंग. कोण चांगला नाचतो, गेल्या वर्षी कोण नाचला, याला अर्थ नाही. सोंगांचा कारभार जिवाबाबांकडे. ते म्हणाले, जो कोनी, मास्तर? मी म्हटलं, जो कोणी! टेबल नव्हतं, म्हणून मांडीवर हात आपटला. सगळ्यांनी मान डोलावली. सुदर्शननेसुद्धा.

माझी कंबर चौतीस आहे. पँटवर छापलेलं आहे.

१८ मार्च.

एक कॉर्सेट मागवलं. पुरुषांचं. काळं. यात दुटप्पीपणा काही नाही. प्रतिभाचं कॉर्सेट ही फॅशन आहे, माझं संस्कृतीसाठी आहे.

वेबसाइटवर लिहिलंय की बेंबीवरून टेप लावून माप घ्या आणि त्यापेक्षा चार इंच कमी मागवा. टेप प्रतिभाच्या खोलीत. पँटवरून घेतलं. चौतीस वजा चार, तीस.

२४ मार्च.

पार्सल उज्ज्वलाने घेतलं. काय आहे विचारलं. म्हटलं, नकाशे.

बाथरूममध्ये घालून बघितलं. हुक लागेनात. नाडी सगळी सैल केली, पोट आत घेतलं, श्वास सोडला, तेव्हा लागले. मागे फट वीतभर राहिली. सोबतच्या कागदावर लिहिलंय की मागे थोडी फट असावी. माझी भरपूर आहे. म्हणजे माप अगदी बरोबर आलं.

कागदावर आणखीही बडबड. पहिले काही दिवस सैल बांधा, तास-दोन तासच घाला, स्टीलला आणि अंगाला एकमेकांची सवय होऊ द्या. आत सुती बनियन घाला. चपला-बूट आधी घाला. काढताना आधी नाडी सैल करा, मग हुक काढा. दुखलं, मुंग्या आल्या तर लगेच काढा. हे सगळं नाजूक लोकांसाठी असावं.

२५ मार्च.

मागची नाडी स्वतः ओढता येत नाही. ज्याने ही वस्तू बनवली त्याला दोन हात पाठीवर असावेत. उपाय शोधला. नाडी खिडकीच्या गजाला बांधायची आणि पुढे चालायचं. अत्यंत शास्त्रीय.

उज्ज्वला चहा घेऊन आत आली. मी गजाला बांधलेला. तिने बघितलं, कप ठेवला, दार लोटलं, आणि स्वयंपाकघरात जाऊन किती वेळ हसत होती.

मग येऊन म्हणाली, चौतीस कुठून आणलं? पँट तर तुम्ही पोटाच्या खाली घालता. चौतीस खाली आहे, पोट वर आहे.

असल्या बोलण्याला उत्तर देत नसतो.

२७ मार्च.

शाळेत दिवसभर घालून गेलो. बनियन नाही, उकडतं. चौथ्या तासाला आठवीच्या वर्गात खडू पडला. वाकलो नाही. खडूकडे बघत राहिलो. मुलांना वाटलं मी रागावलोय. वर्ग एकदम चिडीचूप. शिस्तीसाठी ही वस्तू उत्तम आहे, असं दिसतं.

जेवणाच्या सुट्टीत दोन घास खाल्ले आणि तिसरा उतरेना. कमी खाणं होतंय, म्हणजे फायदाच.

संध्याकाळी काढताना घाईत आधी हुकच ओढले. वरचा हुक वाकडा झाला. पक्कडीने सरळ केला. अंगभर काड्यांचे वळ, आणि वळांवर घामोळं. कंपनीला सणसणीत मेल लिहिणार आहे. कापड निकृष्ट.

३० मार्च, पाडवा.

श्रीखंड. फक्त चव घेतली. मग आणखी चव घेतली. सणाच्या दिवशी कॉर्सेट घालायचं नसतं, हे मी ठरवलं आहे.

६ एप्रिल, रविवार.

गावी गेलो, मुद्दाम. लोकांना मी कसा सरळ झालोय ते दिसायला पाहिजे. टँकर आला होता. विहिरीत पाणी सोडलं, बायका हंडे घेऊन धावल्या. गर्दीत माझी एक चप्पल पायातून निघाली. वाकून घालता येईना. पायाने चाचपडत होतो तेवढ्यात चप्पल कोणाच्या तरी पायाखालून लांब गेली.

कमूआजीने विचारलं, मास्तर, पहार गिळलास का काय? हंडा उचलून डोक्यावं दे म्हणाली. नाही उचलला. पाठ दुखतेय सांगितलं. म्हातारीने माझ्याकडे बघितलं आणि हंडा स्वतःच उचलला. माझ्या अण्णांच्या वयाची बाई. वाईट वाटलं. मग राग आला. त्या एका पट्ट्यापायी मी माझ्याच पाड्यात एका पायात चप्पल घालून फिरतोय, आणि सुदर्शन पलीकडे जीपच्या बॉनेटवर बसून काकडी खातोय!

१० एप्रिल.

पट्ट्याच्या मापाची सुतळी बनवली आहे. अण्णांच्या ट्रंकेत शारदेची जुनी चोळी होती, तिच्या खालच्या कडेवरून अंदाज घेतला. आज गजाला बांधून एवढा चाललो की खिडकी करकरली. सुतळीचं टोक टोकाला लागलं! लागलंच! श्वास नव्हता, पण लागलं.

प्रतिभा दारात उभी. तिला सगळं माहीत होतं म्हणे, पहिल्या दिवसापासून. नकाशांना असा हुकांचा आवाज येत नाही म्हणाली. मी ओरडायच्या आत तिने नाडी सोडली. मग म्हणाली, बाबा, घालायचं तर घाला, पण तुमच्या मापाचं मी शिवते. टेप लावू द्या.

टेप लावू दिली नाही. टेपने काय होतं मला माहीत आहे.

ती म्हणाली, हे घालून वाकू नका. मी म्हटलं, शारदा वाकत नसते.

१३ एप्रिल, रविवार. संध्याकाळ.

कुशीवर पडून लिहितोय.

पट्टा बसवायचा कार्यक्रम होता. सगळा पाडा जमलेला, घरच्याही दोघी. शर्टाच्या आत कॉर्सेट, सकाळी निघतानाच गजाला आवळलेलं. जिवाबाबांनी पट्टा हळदीच्या पाण्याने पुसला आणि माझ्या कंबरेला गुंडाळला. मी श्वास सोडला. शेवटच्या कडीत लागला. लागला! लोकांनी आरोळी दिली. मी सुदर्शनकडे बघितलं. एवढं सुख मला नोकरी लागली तेव्हाही झालं नव्हतं.

मग जिवाबाबा म्हणाले, आता देवीच्या पाया पडा.

हे मी विसरलो होतो. पट्टा बसला की गावदेवीपुढे गुडघे टेकून कपाळ मातीला लावायचं असतं. अण्णांना असं करताना मी दर वर्षी बघायचो. आणि तेच विसरलो.

गुडघे टेकले. कपाळ मातीपासून हातभर लांब. काड्या बरगड्यांत. लोक थांबलेत. देवी थांबलीय. मी जोर लावला.

आधी पक्कडीने सरळ केलेला हुक गेला. मग बाकीचे, वरून खाली. शर्टाची दोन बटणं उडाली. पट्टा सुटून खणकन पडला आणि घरंगळत सुदर्शनच्या पायाशी गेला. माझं पोट सगळ्या पाड्यासमोर बाहेर, आणि मागून काळी नाडी लोंबतेय. कपाळ मात्र टेकलं.

कोणी हसलं नाही. त्याचाच जास्त राग आला. जिवाबाबा खाली बसले, नाडी हातात घेतली आणि म्हणाले, लाजतो कशाला? तुझा आजा पन पट्ट्याच्या आत नऊ हात फडका आवळायचा, आनी तुझा बाप बी. मुखवट्याचा भार पाठीला लागू नये म्हनून. तू मातर चुकीच्या मापाचा आवळलास.

मला कोणी सांगितलं नव्हतं! अण्णांनी पण नाही!

सुदर्शनने पट्टा उचलून स्वतःला लावला. नाही बसला. जीपमध्ये दिवसभर बसून भाऊसाहेबांचंही पोट सुटलंय. गेल्या वर्षी गुपचूप सुतळी लावून जोडला होता म्हणे, म्हणूनच मुखवटा झुकत होता! मी ते सगळ्यांसमोर मोठ्याने बोललो. आणि त्याच रागात पुन्हा म्हणालो, नियम म्हणजे नियम, घरातला जो कोणी, ज्याला बसेल त्याचं सोंग!

जिवाबाबांनी मागे बघितलं. मागे प्रतिभा उभी होती. कुडत्यावर तिचं ते कॉर्सेट.

मी म्हटलं, बायका सोंग घेत नाहीत. ते म्हणाले, मास्तर, जो कोनी म्हनलास. मांडीवं हात मारून म्हनलास.

पट्टा तिला तिसऱ्या कडीत बसला. ती गुडघे टेकून कमरेतून सरळ वाकली, पाठ ताठ, आणि कपाळ मातीला लावलं. ती सहा महिन्यांची असताना मी तिला याच देवीपुढे आडवं घातलं होतं. का आठवलं माहीत नाही.

घरी येताना जीपमध्ये कोणाशी बोललो नाही. जीप सुदर्शनची होती.

१५ एप्रिल.

जिवाबाबांचा फोन. गणपतीचं सोंग घेणारा माणूस कामावर भिवंडीला गेलाय, त्याला सुट्टी नाही. गणपती घेशील का? मी म्हटलं, माझं घर शारदेचं आहे. ते म्हणाले, शारदा तुझ्याच घरात आहे. तू पुढं चाल, पोरगी मागं.

विचार करून सांगतो म्हटलं. फोन ठेवायच्या आत हो म्हणालो.

गणपतीच्या पोटाला उशी बांधतात. उशी घरूनच आणायची.

१९ एप्रिल, शनिवार. दुपार.

बोहाडा झाला. आताच उठलो.

काल संध्याकाळी प्रतिभाची नाडी मी ओढली. फार ओढू नका म्हणाली. मी म्हटलं, मला शिकवू नको, मला अनुभव आहे. मागे दोन बोटं फट ठेवली. चपला आधी घाल म्हणून सांगितलं. तिने ऐकलं.

मी पुढे, ती मागे. मुखवट्यातून मागचं दिसत नाही, पण लोकांचे चेहरे दिसत होते. शारदेने मान टाकली नाही. पहाटेपर्यंत नाही. सुदर्शन टेंभा धरून तिच्या बाजूने चालत होता. आज त्याच्यावर रागावलो नाही. उद्या बघू.

माझ्या पाया पडायला रांग. पोरं पोटाला हात लावून कपाळाला लावत होती. कमूआजी आली, दोन्ही हातांनी पोट चाचपलं आणि जिवाबाबांना म्हणाली, अवंदा गनपतीची उशी झ्याक बांधलाव, अगदी खरीच वाटतं.

जिवाबाबांनी मान डोलावली. मीही सोंड हलवली. उशी जव्हारला, पलंगावरच राहिली होती.