पोताऱ्याखालच्या तारखा

मु. इंझोरी
गुरुवार, ता. १२ डिसेंबर १९७४

चिरंजीव देवमन यास तुळसाबाईचा आशीर्वाद.

घ्यायचा तं घे, नाही तं राहू दे. इकडं सगळे बरे आहेत, असं आधी लिवा लागते म्हणून लिवलं. तिकडं धनजले तुही माय बरी असंन. यंदा कापूस कसा आहे? आमचा उंचीनं बरा, बोंडं कमी. तुरी फुलावर आल्या.

मी दुसरीपर्यंत शिकली. माहं अक्षर कोंबडीनं उकरल्यावानी येते. शेजारच्या प्रयागबाईची नात लिवून देत होती, पण हे पत्र दुसऱ्याच्या हातानं लिवायचं नव्हतं.

दिवाळी झाली अन् मले थंडीताप आला. दिवसाआड, घड्याळ लावल्यावानी. मलेरियाच्या कामावर होता तवा दर पंधरवड्याले तू दारात उभा राहून विचारत होता, "माय, घरात कोणाले ताप?" अन् मी म्हणत होती, "तूच आहेस एक, दुसरा नाही." तुही नोकरी गेली, तुह्या जागी सरकारनं अजून कोणी धाडलं नाही. बोटाले सुई टोचून काचेवर रक्त घेणारं कोणी येत नाही. मले बैलबंडीत घालून दवाखान्यात न्या लागलं.

तापात घर हलकं झालं होतं. सरकी काढलेल्या कापसावानी, भिंती वाऱ्यानं हालत होत्या. तू वावराच्या धुऱ्याधुऱ्यानं येत होता, खांद्यावर झोला, पाय जमिनीले लागत नव्हते. दारापाशी आला, कानामागची पेन्सिल काढली अन् भिंतीवर तारीख लिवली. तारीख भिंतीत बुडाली. भिंत सायीवानी हालली अन् पुन्हा गुळगुळीत झाली. तू दुसरी लिवली, तीही बुडाली. मी सांगत होती, अरे, नको लिवू, इथं काही टिकत नाही. तुले ऐकू येत नव्हतं. तू आपला लिवतच होता, अन् तुह्यामागं सगळं वावर पांढरं होऊन वर वर जात होतं.

तीन तापात तीनदा आला तू. कडू गोळ्याईनं ताप उतरला, पण कानात कोणी तरी दूर जातं फिरवते असं अजून वाटते. सून चुलीपुढं बसली तरी नदीच्या त्या काठावर बसल्यासारखी दिसते.

सपनाले मी चिमूटभर मिठाचीही किंमत देत नाही. पण ह्या सपनात होतं ते मी जागेपणी केलेलं होतं.

तुले माहीत आहे. तरी लिवते, कारण मी अजून तुह्यासमोर बोलली नाही.

आषाढात तुह्या माणसाईनं घराघरात डीडीटी फवारली. तू बजावून गेला, "माय, अडीच महिने भिंतीले हात लावू नका. मच्छर भिंतीवर बसला की मरते." मी हो म्हटलं. महालक्ष्म्या आल्या. भिंतीवर पांढरे वघळ, घरात तो वास. म्या म्हटलं, देवीले काय दवाखान्यात बसवू? पांढरी माती कालवली अन् आतून बाहेरून सगळं घर पोतारलं. दाराजवळ भिंतीवर तू आखलेली काळी चौकट होती, तिच्यात तू आला त्या दिवसाची तारीख लिवून सही करत होता. तीही पोतारली. तिच्यावर कमळ काढलं. गल्लीतल्या बायका दारात थांबल्या, तं त्याईलेही म्हटलं, कायले भेता, पोतारा. माह्या मागून अख्खी गल्ली पांढरी झाली. मले मोठा अभिमान वाटला होता.

मंग दिवाळीआधीच, तुही पुढची फेरी याच्या आत, घरात ताप आला. विजयमाला, माही नातसून, तिले सातवा लागला होता. चौथ्या तापाले लेकरू गेलं. पोरगा होता. नखं आलेली होती.

जीपगाडीतून मोठा सायब आला तो दिवस तुले आठवतच असंन. ओसरीत विजयमाला बाजेवर पडली होती. सायबानं भिंत पाह्यली, कोरी. मले विचारलं, "आजी, हा माणूस येतो का?" तू सायबाच्या मागं उभा होता. मी म्हटलं, "आमी याचं तोंड नाही पाह्यलं."

तू माह्याकडं पाह्यलं. 'माय, पोतारा खरवडा' एवढे तीन शब्द बोलला असता तं तुही नोकरी राह्यली असती. तू बाजेकडं पाह्यलं अन् खाली मान घातली. मले तवा वाटलं, पोट्टं भ्यालं. आता समजते काहून बोलला नाही. विजयमालाच्या कानावर जाऊ नये म्हणून, की तिच्या घरात ताप कोणी ठेवून घेतला.

तुह्या फवाऱ्यानं ताप अडला नाही म्हणून ती तुले शिव्या देत राह्यली. मी ऐकत राह्यली. एकदा तं हो म्हणून मानही हालवली.

मंग ती माहेरी गेली, जऊळक्याले. मी उठून बसाले लागली त्या दिवशी उलथनं घेतलं अन् भिंतीचे पोपडे काढाले बसली. प्रयागबाई म्हणे, बुढीच्या डोक्यात ताप गेला. म्हटलं, तुह्याही पोताऱ्याखाली देवमनच्या तारखा आहेत, काढ. संध्याकाळपर्यंत चौकट निघाली. तुही पेन्सिल दाबून चालते, म्हणून सात तारखा निघाल्या. दोन पोपड्यासंग गेल्या, त्या माह्या हातानं गेल्या.

परवा दवाखान्यात जाऊन बसली. तोच सायब म्हणे, उद्या येतो. मी म्हटलं, आजच चला, माहं वय उद्याच्या भरवशाचं नाही. आला. भिंत पाह्यली. म्हणे लिहून द्या. मी लिवलं: देवमन दर पंधरवड्याले येत होता. भिंत मी पोतारली. खोटं मी बोलली. अंगठा नाही देला, सही केली. तो म्हणे, कागद वर धाडतो, पण नोकरी देणं माझ्या हातात नाही. मी म्हटलं, ज्याच्या हातात आहे त्याचं नाव सांगा.

हे टपालात टाकायच्या आधी एक काम राह्यलं. विजयमाला शनिवारी येणार आहे.

रविवार, ता. १५

ती काल आली. दारातच थांबली, खरवडलेल्या भिंतीकडं पाहत. मी तोंडानं सांगाले लागली तं जीभ इकडतिकडची गोष्ट करे, म्हणून हे कागद तिच्या हातात देले. ओसरीच्या पायरीवर बसून तिनं वाचले. ऊन सरकत तिच्या पायावर आलं, मंग मांडीवर, मंग कागदावर. तरी वाचून राह्यली. किती येळा वाचलं ते मले नाही माहीत. मले वाटलं मी पुन्हा तापात आहे.

ती माह्याशी बोलत नाही. ताट वाढते अन् उठून जाते. बरोबर आहे तिचं. मी तिच्या जागी असती तं ताटही नसतं वाढलं.

आज सकाळी तिनं पाकीट मागितलं. तुहं नाव अन् गाव तिनं लिवलं. नावाच्या आधी श्रीयुत लिवलं, ते मी सांगितलं नव्हतं.

माफी मागत नाही. तुहा सभाव पाहता तू देशीनही, अन् मंग मले वाटंन मी सुटली. तसं नको. नोकरी मिळाली तं कळव. नाही मिळाली तरी कळव, म्हणजे अजून कोणाच्या दारात जाऊन बसायचं ते पाहते.

भिंत पोतारणारी
तुळसाबाई