व्हईल की, अण्णा

प्रिय अण्णा,

तुम्हाला जाऊन दीड वर्ष झालं आणि आज पहिल्यांदा लिहायला बसले. कारण आज सकाळी मंचरच्या साइटवर मी तुमच्या आवाजात ओरडले. हे सांगायला मला दुसरं आहे कोण?

कांद्याच्या गोदामाचं काम चालू आहे. पुण्याला जाऊन कामाच्या नियोजनाची एक नवी पद्धत शिकून आल्यापासून मी रोज आठ वाजता सगळ्यांना फळ्यापाशी उभं करते. कुठलं काम कधी होईल, ते ज्याने त्याने चिठ्ठीवर लिहायचं. होणार नसेल तर आधीच सांगायचं, म्हणजे पुढचा माणूस आणि पुढचा माल ताटकळत नाही. तुम्ही हसला असतात. "चिठ्ठ्या डकवून स्लॅब व्हत्यात व्हय गं?"

चार महिने एकही 'नाही' आलं नाही. स्लॅबखाली टेकू लावणारे सेंट्रिंगवाले, सळईवाले, वायरिंगवाले, सगळ्यांच्या चिठ्ठीवर एकच शब्द: व्हईल. आणि ठरलेला दिवस उजाडला की काम अर्धं राहिलेलं, काँक्रीटची गाडी रस्त्यात उभी. मी शिकून आणलेल्या वह्यांमध्ये चूक शोधत बसले. चूक नारायणगावात होती, अण्णा.

तिथल्या शाळेचं बांधकाम आठवतं? आपले सेंट्रिंगचे मिस्त्री सखाराममामा म्हणाले होते, "अण्णा, उद्या नाय व्हणार." तुम्ही सगळ्यांदेखत त्यांना सुनावलंत, "व्हत नसंल तर घरी बस." आठ दिवस ते खरंच घरी बसले. परत आले ते 'नाही' हा शब्द विसरून. आजही बाकीचे गडी नव्या माणसाला पहिल्याच दिवशी ही गोष्ट सांगतात. तुमचं निभावून गेलं, कारण कमी पडलं तिथे तुम्ही स्वतः टेकू खांद्यावर घ्यायचात. मला ते कसं जमावं?

आज तेच मामा पुढे आले. स्लॅब गुरुवारी, पण आज सोमवारीच म्हणाले, "ताई, बेस्तरवारपातुर सेंट्रिंग व्हणार न्हाई. चार गडी लग्नाला गेल्यात." किती वर्षांनी धीर केला असेल त्यांनी! मी तेच तर मागत होते ना चार महिने? आणि माझ्या तोंडून निघालं, "होत नसेल तर घरी बसा." शब्द तुमचेच. अहोजाहो तेवढं माझं.

मामांनी चिठ्ठी काढली, "व्हईल की, ताई," म्हणत दुसरी लावली. बबनराव मुकादम तर खूश झाले. "लई दिसांनी सायटीवर अण्णा आल्यावानी वाटलं," म्हणाले. खरं सांगू? क्षणभर मलाही बरं वाटलं. मग दुपारी पत्र्याच्या खोलीत एकटीने डबा उघडला. बाहेर सगळे एकत्र जेवत होते. मला कुणी हाक मारली नाही.

तुमच्यावर रागही आहे माझा. छातीत दुखतंय का, असं मी तीनदा विचारलं. तिन्ही वेळा उत्तर तेच, "व्हईल कमी." नाही म्हणायची चोरी तुम्हालाही होती का? एकदा म्हणाला असतात, "मला सोसवत नाही गं," तर त्याच पावली गाडी काढली असती मी. तुम्ही सांगितलं नाहीत आणि मी तुमच्या शब्दावर निर्धास्त राहिले.

उद्या आठ वाजता, ज्यांच्यादेखत बोलले त्यांच्यादेखतच मामांची माफी मागणार आहे. स्लॅब पुढे ढकलणार आहे. यापुढे कुणी 'नाही' म्हणालं तर मी ऐकून घेईन, हा शब्द देते.

पण अण्णा, तुमचा आवाज आता माझ्याच गळ्यात उरलाय. तो बंद करायचा म्हणजे तुम्हाला पुन्हा एकदा पोचवून यायचं. त्या वेळी चार माणसं तरी सोबत होती.

तुमची लेक,
शैला