गार्डाच्या डब्याच्या पायऱ्या

प्रिय चिंगे,

या पत्राचं पाकीट फाडून फेकलं असशील तर आधी उठ आणि कचऱ्यातून काढून आण. का, ते शेवटी सांगते. आणि दुसरं, बाबांची ती छोटी खेळातली आगगाडी भरायला रिकामे खोके गोळा करत असशील तर थांब. ती विकत घेणाऱ्या गिऱ्हाइकालाही नाही म्हणून कळव. गाडी कुठेही जाणार नाही. घाबरू नकोस, इथे सगळं ठीक आहे. पण मला पहिल्यापासून सांगू दे, फोनवर तू मला एक वाक्य धड पुरं करू देत नाहीस.

तुला वाटतंय की तू तो गार्डाचा डबा जोडायचा संच पाठवलास आणि त्यानंच बाबा खचले. वेडी आहेस. अर्धांगाच्या झटक्यानंतर त्यांचा उजवा हात हळूहळू परत आला होता. घास नीट तोंडात जायला लागला, शर्टाची बटणं लागायला लागली. व्यायाम शिकवणारी बाई तर कौतुक करून थकली. पण ज्या माणसानं जन्मभर दुकानांच्या पाट्या रंगवल्या, शिडीवर उभं राहून पट्टी न लावता सरळ ओळ काढली, त्याला बटणाचं काय अप्रूप! त्यांनी आपली परीक्षा आपणच ठरवली होती. तुझा डबा स्वतःच्या हातानं जोडायचा. जमला तर पुन्हा ब्रश धरायचा, नाही जमला तर हात गेला असं समजायचं. हे मला कुणी सांगितलं नाही हं. इतक्या वर्षांच्या संसारात एवढं तर कळतंच.

डब्याच्या भिंती जोडल्या गेल्या, छप्पर बसलं. त्यांचं ते पाण्यासारखं पातळ औषध असतं ना, प्लास्टिक जरासं विरघळवून दोन तुकडे एकजीव करणारं, त्यानं सगळं झकास झालं. मग आल्या पायऱ्या. गार्डाच्या दाराखालच्या, नखाएवढ्या, करड्या रंगाच्या. लावल्या, पडल्या. परत लावल्या, परत पडल्या. आठवडाभर हेच. शेवटी म्हणाले, भिंती काय, शेंबडं पोरही जोडेल, बारीक काम आलं आणि हात उघडा पडला. गाडीचे रूळ मांडलेल्या टेबलावर जुनी चादर पसरली आणि तुला फोन करून गाडी विकायला सांगितली. तू मला म्हणालीस, आई, डोळ्यांसमोर ठेवून रोज झुरण्यापेक्षा गेलेली बरी. मी हो म्हटलं खरं, पण त्या दिवशी घरातली भांडी मी घासली कमी आणि आपटली जास्त.

मग मी एक लबाडी करायची ठरवली. बाबा दुपारी आडवे झाले की आपण गुपचूप पायऱ्या चिकटवून ठेवायच्या, आणि संध्याकाळी म्हणायचं, बघा, तुम्हीच लावल्या होत्या, वाळायला वेळ लागला इतकंच. मला काय कठीण? ब्लाउज शिवण्यात हयात गेली, सुईत दोरा अजून पहिल्या फटक्यात ओवते. चादर बाजूला केली, चिमट्यानं पायरी धरली, त्यांचंच औषध लावलं. पडली. दोन नळ्यांमधलं मिसळून लावायचं ते घट्ट प्रकरण आणलं, रात्रभर ठेवलं, सकाळी बोट लावलं तर खपलीसारखं निघून आलं. चांभाराकडचं पिवळं सोल्युशन लावलं, त्याच्या तारा माझ्या पदरापर्यंत आल्या, पायरी मात्र टेबलावर. माझ्या अक्षरशः नाकी नऊ आले.

चौथ्या दुपारी आणली ती झटपट चिकटणारी छोटी बाटली. आता तरी चिकटशील की नाही मेले, म्हणत पायरी दाबून धरली. पायरी सुटली आणि माझं बोट डब्याला चिकटलं! हलवते तर निघेना. ओढावं तर डबा मोडेल. शेवटी मी हाक मारली. बाबा उठून दारात आले, बघतात तर बायको गार्डाच्या डब्यासकट उभी. मी म्हटलं, जा, ते नखांचा रंग काढायचं औषध आणा. तर अंगावर ओरडले, खबरदार, डबा वितळेल त्यानं! बोट माझं अडकलंय आणि जीव यांचा डब्यात. मग कोमट साबणाचं पाणी आणलं, काडी घेतली, भिंग डोळ्याला लावलं आणि माझ्या बोटाखाली काडी फिरवत फिरवत, कातडीला न दुखवता, रंगाला ओरखडा न पाडता बोट सोडवलं. काडी कुठल्या हातात होती सांगू? उजव्या. त्यांच्या ध्यानातच नव्हतं. मी श्वास रोखून बसले होते, दुखतंय म्हणून नाही.

बोट सुटल्यावर विचारलं, तू इथे काय करत होतीस? खोटं कुठवर बोलणार? सांगून टाकलं की चार दिवस मी या पायऱ्यांच्या मागे आहे आणि माझ्याही हातून एकदासुद्धा टिकलेल्या नाहीत. आधी पटेना. म्हणाले, माझी समजूत काढतेस. मी चिडले. म्हटलं, हे घ्या, तुमच्या देखत लावते. लावली, पडली. मग त्यांनी पायरी भिंगाखाली धरली आणि नखानं खरवडली. वाळलेला थर साईसारखा अख्खा निघून आला, खाली प्लास्टिक कोरं करकरीत. माझी नजर तेव्हा त्या बाटलीच्या तोंडाकडे गेली. तिथेही तोच थर, तसाच सुटा. जगातलं सगळं चिकटवते म्हणणारी वस्तू स्वतःच्या बाटलीला चिकटत नव्हती! बाटलीचं तेच बुळबुळीत प्लास्टिक या पायऱ्यांना, डब्याच्या भिंतींचं वेगळं. मोडू नयेत म्हणून मुद्दाम लवचिक केलेल्या. कुणाच्याही हातानं चिकटल्या नसत्या.

नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात ना, इथे अंगण खरोखरच वाकडं होतं आणि हा भला माणूस म्हणत बसला होता की मलाच नाचता येत नाही. मी तसं म्हटल्यावर हसले गं. झटक्यानंतर पहिल्यांदा पोट धरून हसले, आणि हसता हसता खुर्चीत बसून रडले. मीही रडले. माझा जीव किती महिन्यांनी भांड्यात पडला.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं दुकानात गेलो. मी काउंटरवर पायरी ठेवली आणि म्हटलं, जे आपल्या बाटलीला चिकटेल असं काहीतरी द्या. दुकानदार हसला, म्हणाला, मावशी, तसं दिलं तर बाटलीतून बाहेर कसं येईल? पण आतून एक जोडी काढून दिली. एक पेन, आधी पायरीच्या कडेला फिरवायचं, थोडं सुकू द्यायचं, आणि मग वर जोडीच्या बाटलीतला थेंब लावून चिकटवायचं. पेन मी फिरवलं. पायरी त्यांनी लावली, उजव्या हातात चिमटा, डावा हात मनगटाखाली टेकू. पहिल्यांदा वाकडी बसली असती, पण वेळेवर सावरली. सकाळी उठून तोंडही न धुता त्यांनी ती ओढून बघितली. पायरी वाकली, पण सुटली नाही. आता तो डबा गाडीच्या शेवटी लागलाय आणि दुपारची माझी झोप शिट्ट्यांनी मोडतेय. मोडू दे.

तर एवढं सांगायला मी फोन हातात घेतला, तर म्हणाले, फोन नको. घरात पाकीट आहे का? मला चिंगीचा पत्ता लिहायचाय. आता रिकामं पाकीट कसं पाठवायचं, म्हणून त्यात घालायला हे पत्र. तिकडे बसून लिहितायत, उजव्या हातानं, जीभ दातांत धरून. ओळ उतरणीला लागलीय, तुझ्या घराचा नंबर तिकिटाला टेकलाय, आणि त्यांच्या पाट्या पाहिलेल्या कुणालाही हे अक्षर त्यांचं वाटणार नाही. मी मदत करू का विचारलं तर हात झटकला. म्हणाले, पोस्टमनला वाचता आलं तर पास. हे पत्र तू वाचते आहेस ना? मग लगेच फोन कर त्यांना. टेलिफोनपाशीच बसलेले असतील.

तुझीच, बोटाची साल गेलेली,
आई