जुनंच पान वर

३ सप्टें. २००९, गुरु.
सकाळी सकाळी वंदनाताईंचा फोन. दिंडोरीकडची त्यांची रोपवाटिका, आमचंच सॉफ्टवेअर. महिनाअखेरचा राहिलेला बॅकअप घ्यायला गेल्या आणि रोपांच्या ट्रेंची सगळी यादी पुसली गेली. "नेटवर तुमचंच पान पहिलं आलं मॅडम. छापलं, समोर ठेवलं, तसंच केलं." मदतीचं पान मीच लिहिलेलं, पण सॉफ्टवेअरच्या आवृत्ती २ चं. त्यात 'आधी जुनी यादी पुसा' आहे. त्यांच्याकडे ३, आणि ३ मध्ये त्याच बटणाने चालू यादी जाते. ट्रेवर नुसते नंबर. कोणता टोमॅटो, कोणत्या शेतकऱ्याचा, हे फक्त कॉम्प्युटरला ठाऊक. रोपं सगळी सारखीच दिसतात. दहा दिवसांत लोक न्यायला येणार.

४ शुक्र.
सर्चमध्ये २ चं पान पहिलं. ३ चं पार तळाशी. करणी माझीच. तीन वर्षांपूर्वी डीलरांच्या मागे लागून लागून त्या पानाची लिंक त्यांच्या साइटवर लावून घेतली होती, म्हणून ते वर. साहेब: "जुनं काढून टाक." पण मालेगावकडची गिऱ्हाइकं अजून २ वरच, त्यांनी काय वाचायचं? नाही काढणार.

७ सोम.
साइट सांभाळणाऱ्या गिरीशबरोबर बसले. ठरलं ते असं: चालू माहितीचा पत्ता एकच, त्यात आकडा नाही. उद्या ४ आली तरी तोच. २ ची पानं राहतील, पण सर्च इंजिनांना सांगायचं, ही धरू नका. माथ्यावर लाल पट्टी, 'हे जुन्या आवृत्तीचं. नवं इथे.' गिरीश: "एवढी लाल? लग्नपत्रिका वाटतेय." वाटू दे. लिंक बदलून घ्यायला डीलरांना पुन्हा फोन सुरू.

१२ शनि.
वंदनाताईंनी वहीवरून, शेतकऱ्यांना विचारून यादी जुळवली. सहा ट्रे कुणाचे, लागलंच नाही. "व्हतं असं मॅडम." शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

२३ बुध.
नवं पान पहिलं! दोनदा पाहिलं, मग गिरीशच्या मशीनवर. जुनं कुठेच नाही. सगळ्यांना चहा माझ्याकडून. फार दिवसांनी जेवण गोड लागलं.

२८ सोम. दसरा.
वंदनाताईंना शुभेच्छांचा फोन. ऐटीत सांगितलं, आता शोधलं की बरोबरच पान येतं.
"बरं झालं. माझ्या पानावरची ती 'यादी पुसा'ची वळ मी तवाच पेनानं खोडली. पन झेरॉक्स आधीच नेल्या ना, आजूबाजूच्या नर्सऱ्यांनी. लॅमिनेशन करून भिंतीला लावल्यात. आज कॉम्प्युटरच्या पूजेत त्यालाबी झेंडूचा हार घातला आसंल."
कोणी कोणी नेल्या?
"ते कोन ध्यानात ठेवतंय! पाच-सात जनांनी. त्यांच्याकडून पुढं अजून कुनी."
परवा महिनाअखेर. सगळीकडे बॅकअपचा दिवस.
साहेबांना कळवलं, उद्या येत नाही. ती ओळ खोडलेल्या पानाच्या प्रती काढून पिशवीत भरल्या. सकाळची दिंडोरी एसटी. वंदनाताईंना दोनच नावं आठवली आहेत.