वेसच्या वाटचे शनिवार

पिओरिया,
रविवार, ११ मार्च २०१८

प्रिय आई,

नमस्कार. आई लिहावं की ऑपल, यावर बराच वेळ अडले. तुमच्या वेसपासून वेगळं होऊन मला तीन वर्षं होतील. पण हात आपसूक वळला तेच राहू देते. खटकलं तर खोडून वाचा.

तुमचं कार्ड मंगळवारी मिळालं. इकडे सगळे बरे आहोत. तुमच्या नातीचा, नेलचा वरचा दात पडला, नवा येतोय तो तिरका. रस्त्याकडेला अजून काळा पडलेला बर्फ आहे. दिवसभर बसून बसून माझी कंबर धरली आहे, त्याला औषध नाही. तुमचा खुबा कसा आहे? जिना चढता ना अजून?

तुम्ही लिहिलंय की वेस ऑक्टोबरात इमारतींच्या इंजिनिअरच्या परवान्याच्या परीक्षेला बसतोय, चव्वेचाळिसाव्या वर्षी. पुस्तक उघडतो आणि त्यावरच डोकं ठेवून झोपतो. "लॉरेलने कसं जमवलं ते तिलाच विचार म्हटलं तर गप्प बसतो, म्हणून मीच विचारते. तुझं ते वेळापत्रक आहे का अजून?"

आहे. सोबत जोडलंय. पण ते आहे तसं त्याच्या कामाचं नाही, म्हणून थोडं लिहिते.

आजपासून परीक्षेला बत्तीस आठवडे आहेत. त्यातले पहिले दहा त्याने रात्री वेळेवर झोपावं, एवढंच करावं. गंमत करत नाही. बावीस आठवड्यांच्या पुढे अभ्यास लांबवला की माणूस शिळा होतो. मेअखेर सुरू करावं. रोज पहाटे पाच ते सात. ऑफिसातून आल्यावर बसण्यात अर्थ नाही, दुसऱ्यांच्या इमारती मोजून डोकं तेव्हा रिकामं झालेलं असतं. बुधवारी पूर्ण सुट्टी. आणि शनिवारी सलग आठ तास, कारण परीक्षाच दोन दिवस, आठ-आठ तासांची आहे. पाचव्या तासाला मेंदू संपावर जातो. तो संपावर गेल्यावरही हात चालत राहायला हवा, शनिवार त्यासाठीच.

आधी पहिल्या दिवसाचा भाग घ्यावा, म्हणजे वरून खाली येणारं वजन. मग दुसऱ्या दिवसाचा, आडवा भार, म्हणजे वारा आणि भूकंप. तिथेच बहुतेक जण आपटतात. पुलांना तीन आठवडे ठेवावे. वेसने जन्मात पुलाला हात लावलेला नाही, पण पेपरात पूल येतातच. उत्तरं नुसती वाचू नयेत, हाताने लिहून सोडवावीत. शेवटचे तीन आठवडे नवीन काही वाचू नये.

एवढं लिहून मी उठले. कपड्यांच्या घड्या केल्या, नेलचा उद्याचा डबा भरला. आता परत बसलेय.

आई, हे वेळापत्रक पुरतं खरं नाही. तास खरे आहेत. पण मी पहाटे पाचला दिवा लावायची तेव्हा नेल उठली तर तिला कोण घेत होतं, ते त्यात लिहिलेलं नाही. रविवारी मी तुमच्या शिवणाच्या खोलीत दार लावून बसायची आणि तुम्ही रेडिओसुद्धा बंद ठेवून तिला मागच्या अंगणात फिरवायचात, तेही नाही. शनिवारी वेस स्वयंपाक करून, भांडी घासून तिला पोहायला न्यायचा. असं एकदा नाही, तीनदा. दोनदा मी नापास झाले, आठवतं ना? दुसऱ्यांदा निकाल आला तेव्हा वेस म्हणाला होता, "चल, तिसऱ्यांदा बसायला आता आपल्याला दोनदाचा अनुभव आहे." मला हसू आलं होतं.

तिसऱ्यांदा पास झाले की त्याची पाळी, असं ठरलं होतं.

त्याची पाळी आली तेव्हा त्याला शनिवार मिळालेच नाहीत. मला नवं काम मिळालं होतं, मी दौऱ्यावर असायची. तो दुपारच्या सुट्टीत गाडीत बसून अभ्यास करायचा. नेल पोहायची तेव्हा तलावाच्या काठावर गुडघ्यांवर पुस्तक ठेवून बसायचा. पानं ओली होऊन फुगलेली असायची. मी कधीकधी त्याचे कागद बघायची. ज्या उदाहरणावर माझे दोन रविवार गेले होते, ते त्याने एका पानात सोडवलेलं असायचं. स्वच्छ. खाडाखोड नाही. मी कागद तसाच ठेवून द्यायची.

परीक्षा स्प्रिंगफील्डला होती, २०१३च्या ऑक्टोबरात, शुक्रवारी आणि शनिवारी. गुरुवारी संध्याकाळी मी घरी पोचायचं, मग त्याने निघायचं, असं ठरलं होतं. तुम्ही खुब्याच्या ऑपरेशनसाठी हॉस्पिटलात होतात. नेल चार वर्षांची, दोन रात्री कान दुखून रडत होती. गुरुवारी सहाला मी साइटवरून फोन केला. म्हटलं, स्लॅबचं काँक्रीट उद्यावर गेलंय, मला थांबावं लागेल.

मला थांबावं लागणार नव्हतं. माझ्या हाताखालचा माणूस ते बघणार होता, साहेब स्वतः म्हणाले होते, जा घरी. मी थांबले.

वेस म्हणाला, "बरं. गाडी सांभाळून चालव, येशील तेव्हा."

रविवारी आम्ही तुम्हाला भेटायला आलो. तो कॉफी आणायला खाली गेला होता. तुम्ही विचारलंत, "पेपर कसे गेले त्याचे?" मी म्हणाले, "गेलाच नाही तो. ऐनवेळी कच खाल्ली." हे माझ्या तोंडून इतक्या सहज निघालं की मलाच वाटलं, खरं असेल. तो वर आला तेव्हा तुम्ही म्हणालात, "बापावर गेलास. दारापर्यंत जायचं आणि परत फिरायचं." त्याने माझ्याकडे पाहिलं, तुमचा कप टेबलावर ठेवला आणि खिडकीपाशी जाऊन उभा राहिला. तेव्हापासून दर सणाला तुम्ही त्याला हे ऐकवत आलात आणि मी पानातलं जेवत आले.

का केलं, याचं उत्तर मला घटस्फोटाच्या वेळीही देता आलं नाही. आता देते. तो पहिल्याच खेपेला पास झाला असता. मला ते बघायचं नव्हतं.

परवाना नाही म्हणून आजही त्याच्या प्रत्येक ड्रॉइंगवर दुसऱ्याचा शिक्का पडतो. ठरल्याप्रमाणे शनिवारी नेल त्याच्याकडे असते. मेअखेरपासून ऑक्टोबरपर्यंत सगळे शनिवार मी तिला माझ्याकडे ठेवते. माझ्याकडून आलंय म्हटलं तर तो नाही म्हणेल. तुमचं म्हणून सांगा. किंवा हे पत्रच त्याला द्या. तुम्हाला योग्य वाटेल तसं.

तुमची तोंडदेखली माफी मागत नाही.

लॉरेल

•

गेल्सबर्ग,
२० मार्च

लॉरेल,

पत्र पोचलं. दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा चष्मा पुसून.

पाच वर्षं मी माझ्या पोराला भेकड म्हणत आले. लोकांसमोर म्हटलं. त्याच्या बापाच्या दफनानंतर, सगळे जेवायला बसलेले असताना म्हटलं. त्याने एकदाही तुझं नाव घेतलं नाही. आता मी हे कुठे नेऊन ठेवू?

काल गाडी काढून त्याच्याकडे गेले. डॉक्टरने लांब गाडी चालवू नको म्हटलंय, तरी गेले. तो तवा घासत होता. म्हटलं, "त्या वेळी ती आलीच नाही, हे मला का नाही सांगितलंस?" तो घासतच राहिला. मग म्हणाला, "आई, नेलला शेजारी ठेवून मी जाऊ शकलो असतो. दोन रात्रींची झोप नव्हती. तिचा फोन आला तेव्हा मला जरा हायसंच वाटलं. मग कोणत्या तोंडाने सांगणार?"

मी म्हटलं, "जरासं हायसं वाटणं वेगळं आणि खोटं बोलणं वेगळं." तो म्हणाला, "हो." आणि मला चिकन-नूडल्स वाढल्या. त्याखाली घालतात तो उकडलेल्या बटाट्याचा लगदा कमी घातला होता, म्हणून मी त्याला रागावले.

पत्र त्याला दिलं. आता शनिवारांचं. सगळे शनिवार द्यायला तो तयार नाही. म्हणतो, पाच महिने पोरगी बघायची नाही, असला परवाना मला नको. महिन्यातले तीन तुझ्याकडे, एक त्याच्याकडे. नेलला सांगितलं तर म्हणते, "परीक्षा बाबाची आणि शिक्षा मला." तिला हे कुठून सुचतं कोण जाणे. तुझ्याकडून असेल.

त्या तिनांतला एक शनिवार तिला इकडे आण. तू दारातून परत गेलीस तरी चालेल. थांबलीस तरी मी हाकलणार नाही. याहून जास्त आज माझ्याच्याने होत नाही.

ऑपल

•

पिओरिया,
रविवार, १६ डिसेंबर २०१८

आई,

वेसने तुम्हाला फोन केला असेलच, तरी लिहिते. निकाल आला. पहिला दिवस पास. आडवा भार राहिला. आता त्याला एप्रिलमध्ये फक्त दुसऱ्या दिवसाचा पेपर द्यायचा आहे.

काल नेलला सोडायला गेले तेव्हा त्याने दारातच सांगितलं, हवापाणी सांगावं तसं. माझा चेहरा पडला असावा, कारण तोच म्हणाला, "तू का रडकी होतेस? तू तर दोनदा सगळंच नापास झालीस."

नेल आत गेली. मी थांबले. जूनमध्ये मी त्याच्याशी बोलायला गेले होते, तेव्हा तो म्हणाला होता, "लॉरेल, आत्ता नको. डोक्यात पूल आहेत. ऑक्टोबरनंतर बघू." मग ऑक्टोबर गेला, नोव्हेंबर गेला, विषय निघाला नाही. काल मी म्हटलं, आता ऐकशील का? तो पायरीवर बसला. थंडी होती, कोट आत होता, तरी बसला. पत्रात त्याने वाचलं होतं, तरी मी तोंडाने सगळं सांगितलं. स्लॅबचं, साहेबांचं, त्याच्या त्या एका पानाच्या उत्तरांचं. हॉस्पिटलातलं. कुठे थांबले नाही.

तो म्हणाला, "स्लॅबचं मला तेव्हाच कळलं होतं. तुझ्या साहेबांनी शुक्रवारी घरी फोन केला होता, तू पोचलीस का विचारायला."

पाच वर्षं आणि शिवाय घटस्फोट, एवढ्या काळात हे त्याने एकट्याने बाळगलं. मी विचारलं, मग बोलला का नाहीस? तो म्हणाला, "तू सांगशील म्हणून वाट पाहत होतो. मग वाट पाहायचाच कंटाळा आला." पुढे म्हणाला, "आमचं लग्न मोडलं ते स्लॅबमुळे नाही. त्या कंटाळ्यामुळे." आमचं म्हणाला. मी समोर उभी असताना, दुसऱ्या कुणाचं सांगावं तसं.

माफ केलं असं तो म्हणाला नाही आणि मीही विचारलं नाही. उठताना त्याने विचारलं, जानेवारीपासून शुक्रवारी रात्री त्याच्याकडे राहिलेल्या नेलला शनिवारी सकाळी आठपर्यंत नेता येईल का, दहाला नेलं की त्याची सकाळ जाते. मी म्हटलं, सातला येते. "सातला ती उठत नाही," तो म्हणाला. "आठ."

आठ ठरलंय. महिन्यातला एक तुमच्याकडे, आधीसारखाच. पाच तारखेला येतो आम्ही. बर्फ असेल तर हळू येऊ, वाट पाहत दारात उभ्या राहू नका.

खूप थकलेली, आणि आता काही झाकायचं न उरलेली,
लॉरेल